काठानंतरची उडी

“बरं, मग त्यात चांगलं काय आहे?” बाईंनी विचारलं.

अंबरीशने समोरच्या टीव्हीचा आवाज बंद केला.

प्रश्न अवघड होता अशातला भाग नाही. एवढ्याशा प्रश्नासाठी बाईंनी आपल्याला आठवडाभर त्या जुनाट टीव्हीसमोर तसाच जुनाट गेम खेळत बसवलं, याचा त्याला राग आला होता आणि तो गिळायला जरा वेळ हवा होता.

“तसा वाईट नाही,” तो शेवटी म्हणाला. “साधा आहे. बेताचा.”

“बेताचा...”

“म्हणजे उशिरा आलेला. तोवर गेमची नवी यंत्रं बाजारात आली होती, लोक थ्रीडीत हिंडायला लागले होते. आणि हा आपला अजून डावीकडून उजवीकडे उड्या मारत चाललाय. वरात निघून गेल्यावर बँडवाला यावा तसा.”

बाई हसल्या नाहीत. मांडीवरच्या ताटलीत दुधी भोपळ्याची साल काढायचं त्यांचं काम चालूच राहिलं.

कुमुद सातपुते हे त्यांचं नाव, पण वाईत त्यांना सगळेच बाई म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी परदेशात व्हिडिओ गेम बनवण्यात घालवलं होतं. केस पिकल्यावर त्या परत आल्या, कृष्णेच्या काठी एक घर भाड्याने घेतलं आणि तीच विद्या शिकवू लागल्या. एका वेळी एकच शिष्य. त्याने तिथेच राहायचं, घर झाडायचं, मंडईतून भाजी आणायची आणि जमेल तेव्हा आपला गेम करायचा.

परीक्षा, प्रमाणपत्र असली भानगड नव्हती. गेम तयार झाला की तो बाईंच्या हातात द्यायचा. बाई तो शेवटपर्यंत खेळल्या तर शिष्य सुटला. नाही तर त्या मध्येच कंट्रोलर खाली ठेवत आणि एक अक्षर न बोलता स्वयंपाकघरात निघून जात.

बाई शेवटपर्यंत खेळल्या असं नुसतं कळलं, तरी या धंद्यातल्या भल्याभल्यांचे कान टवकारत. अंबरीश दातीरला तेच हवं होतं. त्यासाठी त्याने पुण्यातली बरी नोकरी सोडली होती, आईची बोलणी खाल्ली होती आणि तिसरं वर्ष तो बाईंच्या घरी केर काढत होता.

त्याच्या गेमचं नाव ‘कडेलोट’. सह्याद्रीतला एक सरळसोट कडा आणि तो चढणारा एक माणूस, बस. बाईंनी तो दोनदा हातात घेतला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या टप्प्यावर ठेवून दिला होता.

दुसऱ्या वेळी त्याच्याने राहवलं नाही. “चुकलं काय ते तरी सांगा,” तो म्हणाला. त्यावर बाईंनी त्यालाच माळ्यावर चढवलं, जुना टीव्ही, गेमचं जुनं यंत्र आणि एक पिवळी पडलेली कॅसेट खाली काढायला लावली. “हा खेळ,” त्या म्हणाल्या. “मग बोलू.”

ते बोलणं आता चाललं होतं.

“तुला हा आधी माहीत होता?” बाईंनी विचारलं.

“माहीत? बाई, हा तर...”

आणि अंबरीशच्या चेहऱ्यावरची आठी गेली. राग माणसाला फार वेळ धरवत नाही, समोर लहानपण आलं की.

चौथीतली दिवाळीची सुट्टी. कराडला मामाचं घर. कॅसेटवरचं नाव कुठल्याशा परक्या लिपीत होतं, ते अख्ख्या आळीत कोणाला वाचता येईना. त्यातला बुटका माणूस हातात कंदील घेऊन डोंगराच्या पोटातून वर वर जायचा, म्हणून पोरांनीच त्याचं बारसं करून टाकलं. कंदिल्या.

कंदिलातलं तेल संपायच्या आत त्याला शिखरावर पोचवायचं, तिथला विझलेला मोठा दिवा लावायचा, एवढाच खेळ. पण शिखराच्या अलीकडे एक तुटका पूल होता. तिथे आळीतली सगळी पोरं पडायची. दहावीतलीसुद्धा.

अंबरीश पडला नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी, फटाके सोडून घरात गोळा झालेल्या पोरांच्या देखत, त्याने तो पूल पार केला. दिवा लागला आणि पडद्यावर पहाट झाली. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या पोरांनी त्याला क्रिकेटमध्ये पहिली बॅटिंग दिली.

आपण काही निराळेच आहोत असं त्याला तेव्हा वाटायला लागलं. आणि खरं सांगायचं तर, ते वाटणं अजून गेलं नव्हतं.

“म्हणजे गेम बेताचा,” बाई म्हणाल्या, “आणि खेळणारा थोर.”

“तसं नाही म्हणत मी...”

“अरे म्हण की. दुधी डोक्यात घालणार नाही.”

अंबरीशला हसू आलं, पण तो मुद्दा सोडणारा गडी नव्हता. “बाई, माझं म्हणणं एवढंच आहे की खेळ प्रामाणिक हवा. माझ्या गेममध्ये काठ म्हणजे काठ. पाय काठावर असताना उडी मारली तर ती उडी. काठ सुटला की माणूस खाली. कडा कोणासाठी थांबत नाही.”

“आणि कंदिल्यात?”

“तिथेही तेच. म्हणून तर जिंकल्याचं समाधान आहे.”

साल काढणारा बाईंचा हात थांबला.

“तिथेही तेच?”

“तेच.”

बाईंनी दुधी ताटलीत ठेवला.

“का, बाई?”

“खेळून दाखव.”

त्याने दाखवला. पहिल्या दरीपासून शेवटच्या पुलापर्यंत कंदिल्या एकदाही पडला नाही. बोटं आपसूक चालत होती. मधूनच अंबरीशने बाईंकडे पाहिलं, तर त्या पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या त्याच्या उजव्या अंगठ्याकडे पाहत होत्या.

दिवा लागला. पहाट झाली.

“हं,” बाई म्हणाल्या आणि भाजी फोडणीला टाकायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टीव्हीला बाईंचा लॅपटॉप जोडलेला होता. पडद्यावर कंदिल्याच उभा होता.

“कॅसेटमधलाच आहे,” बाई म्हणाल्या. “लॅपटॉपवर उतरवून घेतलाय आणि त्यातली एक गोष्ट काढून टाकलीय. कुठली ते सांग.”

“खेळून सांगू, की आत प्रोग्राम उघडून?”

“खेळून. आत काय आहे ते तुला वाचता येतं, ठाऊक आहे मला.”

अंबरीश बसला. पहिली दरी आली, जी तो झोपेतही ओलांडेल. कंदिल्या धावत गेला आणि सरळ खाली पडला.

पुन्हा धावला. पुन्हा पडला.

अंबरीश खुर्ची पुढे ओढून नीट बसला. या खेपेला दरी ओलांडली, पण पुढच्या दगडावरून खाली गेला. मग फिरत्या फळीवरून. मग पुन्हा पहिल्याच दरीत.

“कंट्रोलर खराब आहे,” तो म्हणाला.

बाई वर्तमानपत्र वाचत होत्या.

त्याने कंट्रोलर उघडला, आतलं रबर स्पिरिटने पुसलं, परत बसवला. कंदिल्या पडला. त्याने दुसरा कंट्रोलर जोडला. कंदिल्या पडला. मग त्याने वायर बदलली आणि मग टीव्हीला नावं ठेवून झाली. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं असतंच.

“दरी रुंद केलीत तुम्ही,” तो दुपारी म्हणाला.

“मोज.”

त्याने मोजली. दरी होती तेवढीच होती. उडीची उंची मोजली, तीही तेवढीच. कंदिल्याचा वेग, दगडांच्या जागा, फळीचं फिरणं, सगळं जसंच्या तसं. बदललं काहीच नव्हतं आणि तो मात्र पडत होता.

संध्याकाळपर्यंत त्याचे कान लाल झाले होते. चौथीतल्या पोराला जमलेलं त्याला आज जमत नव्हतं, आणि पलीकडे बाई शांतपणे शब्दकोडं सोडवत होत्या.

“बाई, माझं काहीतरी बिघडलंय.”

“कशावरून?”

“मी चुकतोय.”

“आज चुकतोयस?”

त्या ‘आज’वर बाईंनी किंचित जोर दिला होता. जेवताना अंबरीश तो शब्द मनात घोळवत राहिला.

सकाळी त्याने मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा. पहिली दरी खेळला, पडला, आणि मग ते चित्रण अगदी सावकाश करून पाहिलं.

कंदिल्या धावत काठाकडे आला. त्याचा पाय काठावर पडला. पाय उचलला. काठ संपला. कंदिल्याच्या पायाखाली आता काळी पोकळी होती, आणि तेव्हा कुठे अंबरीशचा अंगठा बटणावर टेकला.

उशीर. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी, पण उशीरच.

“असं होय,” तो स्वतःशी म्हणाला. “हात मंद झालाय.”

मग त्याने खरी कॅसेट लावली. तोच अंगठा, तीच दरी. यावेळी कंदिल्या नेहमीसारखा पलीकडे पोचला. अंबरीशने हेही चित्रण सावकाश लावलं, आपण यावेळी वेळेवर बटण दाबलं असणार हे पाहायला.

कंदिल्या धावत आला. पाय उचलला. काठ संपला. पायाखाली पोकळी. आणि मग अंगठा...

त्याने चित्रण मागे नेलं. पुन्हा पाहिलं.

काठ संपला होता. अंगठा तेवढाच उशिरा पडला होता. कंदिल्या हवेत होता, त्याच्या पायाखाली दगड नव्हता, फळी नव्हती, काही नव्हतं. आणि त्या काही नसलेल्यावर पाय रोवून त्याने उडी मारली आणि तो पलीकडे उतरला.

अंबरीशने पुढची दरी पाहिली. तिथेही तेच. फिरती फळी, तिथेही तेच. कुठे तो वेळेवर होता, पण जिथे घाई होती, जिथे छातीत धडधडलं होतं, तिथे तिथे तो काठ सोडून गेलेला होता आणि खेळाने त्याला धरलेलं होतं.

शेवटी तुटका पूल आला.

पूल संपत होता. कंदिल्या पुलाच्या टोकापुढे चांगला निघून गेला होता. मग अंगठा पडला.

लक्ष्मीपूजनाची ती दुपार, मामाच्या घरातली सतरंजी, पोरांचा गलका, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्या दुपारी तो पडला होता. आणि कोणीतरी त्याला पडू दिलं नव्हतं.

बाई चहाचा कप घेऊन आल्या, तेव्हा त्याने मान वर केली. डोळे ओले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

“पाय हवेत होता, बाई.”

“कोणाचा?”

“...माझा.”

बाईंनी कप त्याच्या हातात दिला आणि समोर बसल्या.

“काठ सुटल्यावरही तो थोडा वेळ उडी मारू देतो,” अंबरीश म्हणाला. “तेच काढलंत तुम्ही.”

“तेच.”

“एवढंसंच.”

“एवढंसंच.”

“मला इतक्या वर्षांत कधी कळलं नाही. मला वाटायचं मीच...”

नदीवरून कपडे धोपटल्याचा आवाज येत होता.

“आता आत बघू का?” त्याने विचारलं. “प्रोग्राम?”

“बघ की. घर तुझंच आहे.”

पुढचे काही दिवस अंबरीश कंदिल्याच्या पोटात शिरून बसला. भाजीला जायचं विसरला, केर तसाच राहिला, आणि बाईंनी त्याबद्दल त्याला एकदाही टोकलं नाही. मधूनच तो धावत स्वयंपाकघरात यायचा.

“बाई, उडी मारताना डोकं वरच्या दगडाच्या कोपऱ्याला लागलं, तर हा त्याला हळूच बाजूला सरकवतो. आपटू देत नाही.”

“असं?”

“आणि फळी निसटायच्या आधी जी थरथरते, ती खेळणारा आधी तिथे पडला असेल तर जास्त वेळ थरथरते. त्याला आठवतं, बाई.”

“कढईकडे लक्ष ठेव जरा, मी मीठ बघते.”

एकदा तो आला आणि दारातच उभा राहिला. हातात कागद नव्हता, काही नव्हतं. नुसता उभा.

“काय झालं?”

“तेल,” अंबरीश म्हणाला. “कंदिलातलं तेल. ते वरून भराभर उतरतं. पण अगदी तळाला आलं ना, की हळू जळायला लागतं. शेवटचा थेंब सगळ्यात जास्त पुरतो. आम्ही म्हणायचो, थोडक्यात वाचलो, थोडक्यात वाचलो... रोज म्हणायचो. आळीतली सगळी पोरं. आम्हाला वाटायचं आमचं नशीब बलवत्तर.”

तो पाटावर बसला.

“कोणी केलं असेल हे?”

“ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “मी परदेशात असताना विचारत फिरले होते. ती कंपनी हा गेम आला त्याच वर्षी बंद पडली.”

“शेवटी नावं पण येत नाहीत. पहाट होते आणि संपतो.”

“हं.”

“त्या यंत्राचा तो शेवटचा हंगाम होता. दुकानदार जुन्या कॅसेटी ठेवायला तयार नव्हते. आपला गेम कोणी घेणार नाही, हे बनवणाऱ्यांना कळत असणार.”

“असणारच.”

“तरी तेल हळू जळू दिलं.”

बाईंनी गॅस बारीक केला.

अंबरीशला त्या क्षणी एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखं वाटलं. इतके दिवस तो ज्या गेमला बेताचा म्हणत होता, त्याच्या प्रत्येक दगडावर कोणीतरी बसून होतं. नाव नाही, चेहरा नाही, आणि कराडातलं एक पोर पडताना त्याने हात पुढे केला होता. त्या हाताला नमस्कार कुठे करायचा हेही त्याला कळेना.

त्याने मग ‘कडेलोट’ उघडला.

काम चांगलं झालं. अंबरीश काही कच्चा नव्हता. काठ सुटल्यावर त्याने आपल्या गिर्यारोहकाला थोडा अवसर दिला. हात निसटतो आहे असं दिसलं की खडक किंचित पुढे येईल असं केलं. खेळणारा जितका थकलेला, तितका कडा मवाळ. कंदिल्यात नव्हत्या अशाही दोन युक्त्या त्याला सुचल्या आणि त्यांचा त्याला मनातून अभिमान वाटला.

आणि त्या अभिमानाच्या भरात त्याने आणखी एक केलं. माणूस पडता पडता वाचला, की त्याच्या हातापाशी एक सोनेरी ठिणगी चमकायची आणि बारीक अक्षरांत शब्द उमटायचा, ‘सांभाळलं’.

झालं. गेम बाईंच्या हातात दिला.

बाईंनी कंट्रोलर घेतला. त्यांच्या बोटांची पेरं संधिवाताने सुजलेली असत आणि बटणावर अंगठा टेकवायला त्यांना वेळ लागे. पहिल्याच काठावर त्यांचा उशीर झाला. खडक पुढे आला, माणूस वाचला, ठिणगी चमकली. सांभाळलं.

बाईंनी कंट्रोलर खाली ठेवला.

अंबरीशला खरंच वाटेना. आधी निदान तिसऱ्या टप्प्यापर्यंत तरी त्या गेल्या होत्या.

“बाई... पण आता तर पडत नाहीये तो.”

“चल, घाटावर जाऊन येऊ,” बाई म्हणाल्या. “पाय मोकळे होतील.”

घाटाच्या पायऱ्यांवर खालच्या बाजूला शेवाळं होतं. बाई सत्तरीच्या पुढच्या. अंबरीश नेहमीसारखा त्यांच्या अर्धी पायरी मागे चालत होता, आणि एका पायरीवर त्यांचा पाय जरासा सरकला, तेव्हा त्याने नेहमीसारखा त्यांच्या कोपराला हात लावला.

बाई थांबल्या. खाली कपडे धुणाऱ्या बायका होत्या, त्यांच्याकडे पाहून बाईंनी खणखणीत आवाज लावला.

“अहो, बघितलंत का? मी पडत होते हो, यानं धरलं मला. याचं नाव अंबरीश दातीर.”

बायका पाहायला लागल्या. एकीने विचारलं, “लागलं का बाई?”

“नाही नाही, लागेल कसं? यानं सांभाळलं ना.”

बायका हसल्या. अंबरीशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“बाई, काय हे...” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“का रे?” बाई म्हणाल्या. “तूच तर शिकवलंस.”

आणि त्या पुढची पायरी उतरल्या. यावेळी त्याने हात लावला नाही, पण अर्धी पायरी मागेच राहिला.

पाण्याशी ते दोघे बसले. पलीकडच्या काठावर एक म्हैस पाण्यात उतरली आणि तिच्या मागे तिचं रेडकू उतरलं.

“ठिणगी काढली,” अंबरीश म्हणाला, “तर कोणाला कळणारच नाही.”

बाई रेडकाकडे पाहत होत्या.

“तीन वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम आहे ते माझं.”

“आहे.”

“लोक म्हणतील, साधा गेम आहे. बेताचा.”

“म्हणतील. तूच म्हणालास ना.”

“आणि ज्याला जमेल तो म्हणेल, मीच हुशार.”

बाईंनी पाण्यात पाय सोडले. “पाणी गार आहे आज,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर अंबरीश गेम उघडून बसला. ठिणगी पुसायला हात धजत नव्हता. एक ओळ खोडायची, एवढंच काम. पण ती ओळ गेली की आपण तिथे होतो याची काही खूणच उरणार नव्हती. आईला काय दाखवायचं? पुण्यातल्या मित्रांना काय सांगायचं? तीन वर्षं केर काढून काय केलंस म्हणून कोणी विचारलं, तर कुठे बोट ठेवायचं?

मग त्याला वाटलं, कंदिल्यावाल्यालाही असाच एक दिवस आला असेल. त्यालाही आई असेल. त्यानेही असाच कुठेतरी बसून विचार केला असेल, की एवढं केलंय तर एक ठिणगी तरी ठेवू. आणि त्याने ती ठेवली असती, तर चौथीतला अंबरीश त्या दिवशी जिंकला नसता. त्याला कोणीतरी जिंकवलं असतं.

त्याने ओळ खोडली. शब्दही खोडला. मग सुरुवातीच्या पडद्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं तिकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि तेही काढलं.

वाईट वाटलं. ते काही त्याने स्वतःपासून लपवलं नाही. उठून त्याने आधी अख्खं घर झाडून काढलं, कारण केर बरेच दिवस साचला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने कंट्रोलर बाईंसमोर ठेवला. काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला आणि खेळायला घेतलं.

पहिला काठ. अंगठा उशिरा पडला. माणूस पलीकडे गेला आणि चढत राहिला.

अंबरीशला पाहवेना. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, मग परत आला, मग उगाच पाण्याचा तांब्या भरून आणला. मागून खडकाचा, वाऱ्याचा, पावलांचा आवाज येत होता. तिसरा टप्पा आला. बाई इथेच ठेवत असत. त्या थांबल्या...

बोटं चोळली, आणि पुढे निघाल्या.

त्या खेळत राहिल्या. कड्यावर धुकं आलं, ओसरलं. एका निसरड्या जागी त्यांचा इतका उशीर झाला की अंबरीश पुढे झुकला, पण पडद्यावरच्या माणसाला हाताशी खडक मिळाला. बाईंनी ओठ घट्ट मिटले होते. शाळकरी पोरीसारख्या त्या खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या, आणि आपल्याकडे कोणी पाहतंय याचं त्यांना भान नव्हतं. अंबरीशने बाईंना असं खेळताना कधीच पाहिलं नव्हतं.

माथा आला. माणूस वर चढला आणि बसला. समोर सगळा सह्याद्री पसरला होता. मग पडदा सावकाश काळा झाला. कोणाचंही नाव आलं नाही.

गेम संपला होता. बाई शेवटपर्यंत खेळल्या होत्या. अंबरीश सुटला होता, आणि हे त्याच्या लक्षात यायलाही थोडा वेळ लागला.

तो काही बोलणार होता. कुठल्या काठावर काय केलंय, निसरड्या जागेचं गणित कसं बसवलं, सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी आपली सुजलेली बोटं समोर धरली, वळवून पाहिली, आणि त्यांना कौतुकाचं हसू आलं.

अंबरीशने तोंड मिटलं.

“बघ रे,” बाई म्हणाल्या, “अजून हात चालतो माझा.”